गाडगे महाराज आणि निराश्रितांचे छप्पर

पंढरपूरच्या आषाढी यात्रेसंबंधी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. त्यात दिंड्या, पालख्या, अभंग आणि दर्शनाचा सोहळा यांची वर्णने पुष्कळ सापडतात. परंतु लाखांनी लोटणारा हा समुदाय रात्री झोपत कोठे असे, या साध्या प्रश्नाची दखल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी जात आणि ऐपत यांवर अवलंबून होते. ज्यांचे बडव्यांशी किंवा उत्पातांशी पिढीजात यजमानपण असे ते त्यांच्या वाड्यांत उतरत. इतर मठांचा आश्रय घेत. ज्यांना यांपैकी काहीच साधत नसे ते चंद्रभागेच्या वाळवंटात, म्हणजे नदीच्या वाळूच्या पात्रात, पावसापाण्यात पथारी टाकीत. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला मंदिराचे दार बंद होते आणि गावातील दारेही बंद होती. भिकारी, आंधळे, पांगळे, महारोगी यांची तर यात्रेकरूंत गणनाच होत नसे. गाडगे महाराजांच्या जीवनकार्याकडे मी या वाळवंटाच्या बाजूने पाहू इच्छितो.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आपल्या माहेरगावी राहावयास आली. देबूजीने मामांकडे गुरे राखली, पुढे नांगर धरला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने डोळ्यांदेखत पाहिली. कर्ज आणि दारू यांविषयीचा जो संताप पुढे त्यांच्या कीर्तनांतून अखंड प्रकट होत राहिला, त्याचे मूळ शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. १८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मांस न देता त्यांनी गोड जेवण घातले, आणि जातभाईंचा रोष ओढवून घेतला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढील बारा वर्षे म्हणजे स्वेच्छेने पत्करलेले बेघरपण होते. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे, असा हा वेश होता. त्याच गाडग्यात भाकरी मागावयाची आणि त्यातच पाणी प्यावयाचे. गावात शिरले की प्रथम झाडू घेऊन रस्ता झाडावयाचा. कोणी भाकरी दिली तरी काम केल्यावाचून ती खावयाची नाही. लोक त्यांना कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा, कोठे गाडगेबुवा म्हणत. वेडा समजून हाकलून देणारेही काही थोडे नव्हते. कोणाच्या ओसरीवर पडलेल्या फाटक्या माणसाला पहाटे कसे उठविले जाते, हे ज्ञान त्यांनी ग्रंथांतून किंवा करुणेच्या कल्पनेतून मिळविलेले नव्हते. धर्मशाळांच्या कामाचा पाया या बारा वर्षांत घातला गेला, असे माझे मत आहे. चरित्रकार हा काळ केवळ साधनेचा मानतात.

विदर्भात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौषातील यात्रेत स्नानाला उतरणारी माणसे तेथील चिखलात घसरून पडत. देबूजींनी तेथे आधी स्वतः पायऱ्या खणल्या, मग लोकांकडून मदत घेऊन घाट उभा केला. तीर्थाचे नाव ऋणातून मुक्त करणारे, आणि घाट बांधणारा कर्जाने उद्ध्वस्त झालेल्या घरातला. याच ठिकाणी आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना दरवर्षी जेवण व वस्त्रे देण्याची प्रथा त्यांनी पाडली. यात्रेच्या पंगतीत ज्यांना शेवटी उष्टे मिळे, त्यांना येथे पहिल्या पानावर बसविले जाई आणि वाढणारे हात बाबांचे असत.

१९१७ पासूनच्या चार-पाच वर्षांत पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा आणि मराठा धर्मशाळा उभ्या राहिल्या. नंतर मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, देहू अशी ही मालिका वाढत गेली. त्यांपैकी चोखामेळा धर्मशाळेचे नाव विशेष अर्थपूर्ण आहे. चौदाव्या शतकातील हा महार संतकवी मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीला असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये दगावला, अशी परंपरा सांगते. त्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीशी आहे. आत त्याला मरणानंतरही प्रवेश मिळाला नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या सुमारे तीन दशके आधी चोखोबाच्या वारसांसाठी एक छप्पर तयार झालेले होते, आणि ते एका निरक्षर परटाने मागून आणलेल्या पैशांतून झाले होते.

स्वतः बाबा मात्र विठ्ठलाच्या दर्शनाला जात नसत. लोक मंदिराच्या रांगेत असताना ते वाळवंट झाडीत असत. यावरून त्यांना नास्तिक ठरविण्याचा मोह अलीकडच्या काही विवेचकांना होतो. मला ते पटत नाही. ज्याचे प्रत्येक कीर्तन गोपाळाच्या नामगजरात न्हाऊन निघत असे तो मनुष्य श्रद्धाहीन होता, हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. वारकरी परंपरेतच त्याचा उलगडा आहे. पुंडलिकाला भेटावयास देव आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. त्याने मागे वीट फेकली आणि देवाला तिच्यावर थांबावयास सांगितले. देव अजून त्या विटेवर उभाच आहे. अमराठी वाचकांना ही कथा केवळ स्थलपुराण वाटेल; परंतु हातातली सेवा सोडून दर्शनाला जाऊ नये आणि देवाने वाट पाहावी, हा तिचा आशय संप्रदायाच्या केंद्रस्थानी आहे. गाडगे महाराजांनी ही कथा अक्षरशः घेतली.

तुलनेसाठी तमिळ प्रदेशातील रामलिंग वळ्ळलार यांचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. त्यांनी १८६७ साली वडलूर येथे सत्य धर्म शालै स्थापून भुकेल्यांसाठी चूल पेटविली. भुकेल्याला अन्न देणे हीच उपासना, ही भूमिका दोघांची समान आहे. मात्र वळ्ळलारांनी या भूमिकेला विपुल काव्याची जोड दिली, स्वतंत्र मार्गाची स्थापना केली. गाडगे महाराजांनी एक ओळही लिहिली नाही, पंथ काढला नाही, कोणाला शिष्य म्हणून स्वीकारले नाही. त्यांच्यापाशी होते ते कीर्तन, आणि तेही वऱ्हाडी बोलीतले, पूर्वरंग-उत्तररंगाचे शास्त्र बाजूला सारणारे, श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेणारे. कर्ज काढू नये, देवापुढे बकरे कापू नये, दारू पिऊ नये, शिवाशिव पाळू नये, मुलाला शाळेत घालावे, हे विषय ठरलेले. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांनी त्यांची चरित्रे लिहिली. दांडेकर तर तरुणपणी त्यांच्या सहवासात वावरलेले. तरीही आपल्या वाङ्मयेतिहासांत या कीर्तनाला तळटीपेपलीकडे जागा मिळू नये, ही आपल्या शास्त्राची मर्यादा होय. असो.

धर्मशाळांविषयीचा एक आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. जातिभेदावर इतका कठोर प्रहार करणाऱ्याने मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा, चोखामेळा धर्मशाळा अशा जातवार वास्तू का उभाराव्यात? समर्थनार्थ असे सांगितले जाते की देणग्या जातवार मिळत आणि यात्रेकरूही जातवारच उतरत. हे खरे असले तरी तेवढ्याने समाधान होत नाही. ही तडजोड होती, आणि ती तडजोड म्हणूनच नोंदवली पाहिजे. आषाढाच्या पावसात भिजणाऱ्या माणसाला समाज सुधारेपर्यंत थांबा असे सांगणे त्यांना शक्य नव्हते; म्हणून त्यांनी समाज होता तसा घेतला आणि त्यावर छप्पर घातले. यात काही गमावले गेले. एका छपराखाली सर्व जाती, हे चित्र त्यांच्या अन्नदानाच्या पंगतीत जसे दिसते तसे या इमारतींच्या पाट्यांवर दिसत नाही.

पण चोखामेळा धर्मशाळेची कथा येथे संपत नाही. १९४९ च्या सुमारास त्यांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, आणि यात्रेकरूंची उतारशाळा विद्यार्थ्यांच्या उपयोगाला आली. आंबेडकरांचा तीर्थयात्रांवर विश्वास नव्हता, हे बाबा जाणून होते. वारी हा ज्यांच्या श्रद्धेचा विषय, त्यांनी वारकऱ्यांसाठी बांधलेले घर वारी नाकारणाऱ्या नेत्याच्या हाती द्यावे, या घटनेचा पुरेसा विचार झालेला नाही. महाराने पंढरपूरला वर्षातून एकदा येऊन मुक्काम करण्यापेक्षा तेथे राहून शिकावे, असा निर्णय त्यात अभिप्रेत होता, असे मला वाटते.

ज्या छपराखाली त्यांनी सहस्रावधी लोकांना आणले, त्याखाली ते स्वतः राहिले नाहीत. धर्मशाळेच्या अन्नाला ते शिवत नसत. जेवण्यापुरती भाकरी बाहेरून मागून आणीत. आपल्या नातलगांचा या संस्थांवर कसलाही हक्क नसावा, हा त्यांचा दंडक होता. कुंताबाईंना आणि वृद्ध आईला झोपडीतच दिवस काढावे लागले. हा दंडक थोर आहे. परंतु त्याची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. बाबांचे दारिद्र्य हे व्रत होते, कुंताबाईंच्या वाट्याला ते निवडीवाचून आले. १९२३ साली मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करीत होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. चरित्रांतून हा प्रसंग वैराग्याची परिसीमा म्हणून सांगितला जातो. गोविंदाची आई त्या वेळी कोठे होती आणि तिला ही वार्ता कोणी दिली, इकडे चरित्रकारांचे लक्ष गेलेले नाही.

उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी तीर्थांवरून रुग्णालयांकडे वळली. मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या खेड्यातील रुग्णाबरोबर जे आप्त येत, ते पदपथावर दिवस काढीत. त्यांची अवस्था वाळवंटातील वारकऱ्याहून वेगळी नव्हती. फरक इतकाच की येथे परतीची तिथी ठरलेली नसे. जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातलगांसाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. तत्पूर्वी, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, या सर्व कार्यासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती. बाबांच्या पश्चात मिशनची दादरची धर्मशाळा परगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांचा व त्यांच्या सोबत्यांचा आधार बनली. तेथे उतरणारे अनेकजण मराठी भाषकही नसतात.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने उपलब्ध आहे. लेखणी न धरलेल्या या माणसाची वाणी आपल्यापर्यंत प्रत्यक्ष पोहोचते ती त्यातून. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी बाबांना अमरावतीला नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, वाटेतच, त्यांचा अंत झाला. अमरावतीला ज्या जागी त्यांची समाधी आहे, तो भाग आता गाडगेनगर या नावाने ओळखला जातो.