अथानासियस आणि दरबारी धर्ममत

धर्मवाद म्हणजे पंडितांच्या घरचा कोरडा कलह, त्याच्याशीं संसारी मनुष्यास काय कर्तव्य, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती फोल आहे हें अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या चरित्रावरून कळून येतें.

इसवी सनाच्या चौथ्या शतकांत मिसर देशांतील त्या बंदरांत ॲरियस नांवाच्या धर्मोपदेशकानें असा पक्ष मांडला कीं, योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं वर्णिलेला ईश्वरी शब्द कितीहि श्रेष्ठ असला, तरी तो ईश्वरानें निर्माण केलेलाच होय. ३२५ सालीं बादशहा कॉन्स्टंटाईन यानें नायसिया येथें बिशपांची परिषद भरविली व तींत हा पक्ष त्याज्य ठरला. अथानासियस तेथें आपल्या बिशपाचा सहायक म्हणून हजर होता; ३२८ सालीं तोच त्या गादीवर बसला.

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: हाच शब्द पुढें मनुष्यदेह धारण करितो असें शुभवर्तमान सांगतें. ज्याच्या योगें सृष्टि झाली, त्यानेंच बिघडलेली सृष्टि पुनः सुधारावी हें युक्त होय. जो स्वतःच निर्मित, तो इतर निर्मितांस ईश्वराप्रत कसा नेणार? आमच्याकडील अवतारकल्पनेशीं मात्र वाचकांनीं याची गल्लत करूं नये. ख्रिस्ती मतें हें देहधारण एकदांच घडलें.

पुढें दरबारांत विरुद्ध पक्षाचें वजन वाढलें. आर्सेनियस नामक बिशपाचा खून केल्याचा आरोप अथानासियसावर आला. पण तो आर्सेनियस जिवंत सांपडला! अशी फिर्याद कोणत्याहि कोर्टांत तत्काळ खारीज व्हावयाची. तथापि ३३५ सालीं टायर येथील धर्मसभेनें इतर आरोपांवरून त्यास पदच्युत केलें. आणि राजधानीकडे जाणारीं धान्याचीं गलबतें अडविण्याची धमकी त्यानें दिली, असें कानावर येतांच बादशहानें त्यास दूर ट्रियर येथें हद्दपार केलें. चार बादशहांच्या हातून पांच वेळां, मिळून सुमारें १७ वर्षें, त्यानें हद्दपारी सोसली. पण मत सोडलें नाहीं.

तो सर्वस्वीं निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या पक्षाच्या लोकांनीं प्रतिपक्षीयांस मारहाण केल्याची तक्रार पपायरसावरील एका समकालीन पत्रांत आढळते. ३७३ सालीं तो वारला. ३८० सालीं बादशहा थिओडोसियस यानें त्याच्याच पक्षाचें मत सर्व प्रजेवर कायद्यानें लादिलें, व पुढच्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेनें त्यास मान्यता दिली.

येथेंच आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो. राजदंडानें ज्याची वाणी बंद झाली नाहीं, त्याच्या अनुयायांनीं जय मिळतांच तोच राजदंड हातीं धरिला. मत सत्य असेल तर त्यास शिपायाची गरज नाहीं, आणि असत्य असेल तर शिपाई त्यास तारूं शकत नाहीं. हद्दपारींत जें शिकावें तें सत्ता मिळाल्यावर विसरूं नये, हाच या चरित्राचा आम्हां सर्वांस बोध आहे.