हरवलेल्या नगरांचा शोधक

श्रावस्ती, कौशांबी, तक्षशिला, संकाश्य ही नावे प्राचीन ग्रंथांतून शेकडो वर्षे वाचली जात होती. श्रावस्तीच्या जेतवनात गौतम बुद्धांनी अनेक वर्षावास केले, कौशांबीस उदयन राजा राज्य करीत असे, तक्षशिलेस दूरदूरचे विद्यार्थी विद्येसाठी येत, हे विद्वानांस ठाऊक होते. परंतु ही नगरे नेमकी कोठे होती, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खात्रीने सांगणारा कोणी नव्हता. नकाशावर त्यांना जागाच नव्हती, म्हणून तेथे घडलेल्या गोष्टी दंतकथांसारख्या भासत. ही नगरे पुन्हा नकाशावर आणण्यासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, तो अलेक्झांडर कनिंगहॅम हा व्यवसायाने लष्करी इंजिनीअर होता.

त्याचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडन येथे झाला. वडील ॲलन कनिंगहॅम हे स्कॉटलंडचे कवी. सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या शब्दामुळे अलेक्झांडर व त्याचा थोरला भाऊ जोसेफ या दोघांना ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात प्रवेश मिळाला. १८३३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अलेक्झांडर कलकत्त्यास उतरला. तेथील टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप हा अधिकारी होता. पुढे १८३७ साली अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच. त्याच्या सहवासात या तरुण इंजिनीअरला जुन्या नाण्यांचा आणि लेखांचा छंद जडला.

त्याने पहिले मोठे उत्खनन काशीजवळ सारनाथ येथे १८३५ च्या सुमारास केले, तेही पदरच्या पैशाने. तेथे मिळालेल्या मूर्तींपैकी काही त्याने कलकत्त्यास पाठविल्या. उरलेल्या मूर्ती व कोरीव दगड जागीच राहिले. तो तेथून गेल्यानंतर ते दगड गाड्यांत घालून नेण्यात आले आणि वरुणा नदीवरील पुलास आधार म्हणून पात्रात टाकण्यात आले! जुन्या अवशेषांना कोणी वाली नाही, ही गोष्ट कनिंगहॅमच्या मनास फार लागली.

याच काळात त्याच्या हाती एक अनमोल साधन आले. चीनमधून दोन बौद्ध यात्रेकरू भारतात येऊन गेले होते. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान आला, तर सातव्या शतकात ह्युएनत्संग. ह्युएनत्संग तर पुलकेशी राजाच्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचला होता. दोघांनीही आपण कोणत्या नगराहून कोणत्या दिशेस व किती अंतर चाललो, वाटेत कोणती नदी लागली, कोठे किती विहार व स्तूप पाहिले, हे लिहून ठेवले होते. फाहियानच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर १८३६ साली, तर ह्युएनत्संगाच्या ग्रंथाचे १८५७-५८ साली प्रसिद्ध झाले. इतरांना ते धर्मयात्रेचे वर्णन वाटले. कनिंगहॅम मोजणी जाणणारा होता. त्याला त्यात नकाशा दिसला.

मात्र हा नकाशा वाचणे सोपे नव्हते. फाहियान अंतरे योजनांत सांगे, ह्युएनत्संग चिनी ली या मापात. ली म्हणजे किती? ज्या दोन ठिकाणांविषयी शंका नव्हती, त्यांमधील वाटेचे अंतर कनिंगहॅमने काढले आणि यात्रेकरूच्या आकड्याशी ताडून पाहिले. अशी अनेक उदाहरणे पाहिल्यावर सुमारे सहा ली म्हणजे एक मैल, असे प्रमाण बसले. यात्रेकरूंनी दोरीने जमीन मोजली नव्हती, त्यांची अंतरे अंदाजाचीच होती. शिवाय नकलाकारांच्या हातून दिशाही चुकलेल्या असत. तेव्हा हिशेबाने केवळ परिसर ठरे. पुढचे काम पायांनी करावे लागे. त्या परिसरात प्राचीन विटांचे टेकाड आहे काय, ग्रंथात सांगितलेली नदी त्याच बाजूस वाहते काय, आणि गावाच्या नावात जुन्या नावाचा अंश उरला आहे काय, हे तो पाही. यमुनेकाठचे कोसम हे गाव म्हणजेच कौशांबी, असे त्याने याच रीतीने ठरविले.

संकाश्याचा शोध त्याला १८४२ साली लागला. मथुरेहून आग्नेयेस अठरा योजने आणि तेथून कनोज सात योजने, असे फाहियान सांगतो. त्या बेताच्या अंतरावर संकिसा नावाचे खेडे होते. पुढे एक अडचण उभी राहिली. यात्रेकरूंनी तेथील स्तंभावर सिंह पाहिला होता. कनिंगहॅमला सापडलेल्या स्तंभशीर्षावर हत्ती होता. परंतु त्या हत्तीची सोंड तुटलेली होती. उंच स्तंभावरील असा सोंड नसलेला हत्ती खालून पाहणाऱ्यास सिंह वाटला असावा, असा त्याने निष्कर्ष काढला. तो सर्वांनाच पटण्याजोगा नाही. तरी जागेविषयीचे त्याचे मत टिकले.

१८६१ साली सैन्यातून निवृत्त होताच त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्याकडे प्राचीन अवशेषांच्या पाहणीची योजना मांडली, आणि त्याच कामावर त्याची नेमणूक झाली. चार हिवाळे तो उत्तर भारतात हिंडला. तक्षशिलेचा प्रश्न त्याने याच फिरतीत सोडविला. रोमन लेखक प्लिनी याचे आकडे खरे मानावे, तर तक्षशिला सिंधू नदीपासून दोन मजलांवर येत होती. चिनी यात्रेकरू ती तीन मजलांवर सांगत होते. कनिंगहॅमने यात्रेकरूंवर विश्वास ठेवला आणि शाहढेरी गावाजवळच्या विस्तीर्ण अवशेषांवर बोट ठेवले. ते ठिकाण आज पाकिस्तानात आहे. तेथे १९१३ पासून वीस वर्षांहून अधिक काळ उत्खनन झाले व एकावर एक वसलेली नगरे प्रकट झाली.

१८६६ साली सरकारने हे खातेच बंद केले. कनिंगहॅम इंग्लंडला परतला व त्याने प्राचीन भारताच्या भूगोलावरील आपला ग्रंथ सिद्ध केला. तो १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुन्हा उभारलेल्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून तो भारतात आला.

ज्या यात्रेकरूने त्याला इतके दाखविले, त्याच्यामुळेच एक गोष्ट त्याच्या दृष्टीआड राहिली. पंजाबातील हडप्पा येथे तो अनेकदा गेला. लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी तेथील हजारो वर्षांच्या विटा नेल्या जात होत्या. अनोळखी अक्षरे आणि बैलाची आकृती असलेली एक मुद्राही त्याच्या हाती आली. परंतु तो तेथे ह्युएनत्संगाने वर्णिलेले नगर शोधीत होता. बैलाला वशिंड नाही, त्या अर्थी मुद्रा परदेशी असावी, असे समजून तो पुढे गेला. ती सिंधू संस्कृतीची मुद्रा होती, हे जगाला १९२४ साली कळले. कपिलवस्तूविषयीही तो चुकला. त्याच्या सहायकाने ते बस्ती जिल्ह्यातील भुइला येथे असल्याचे सांगितले व त्याने ते मान्य केले. पुढे १८९६ साली नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ मिळाला आणि ते मत गळून पडले.

१८८५ साली कनिंगहॅम निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याच्या संग्रहातील कित्येक वस्तू घेऊन निघालेले इंडस हे जहाज श्रीलंकेजवळ बुडाले. २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडन येथे त्याचा मृत्यू झाला.

त्याच्यामागे वाद मात्र चालूच राहिला. त्याने श्रावस्ती म्हणून सांगितलेले साहेत-महेत खरे नव्हे, असे व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने १८९८ साली प्रतिपादिले. तेथील मूर्तीवर श्रावस्तीचे नाव असले, तरी मूर्ती दुसरीकडून आणलेली असू शकते, असा आक्षेप होता. दहा-अकरा वर्षांनी साहेत येथे कनोजच्या गोविंदचंद्र राजाचा ११३० सालचा ताम्रपट सापडला. जेतवनातील भिक्षुसंघास दिलेल्या गावांची ती सनद होती. बंगालमध्ये करतोया नदीकाठचे महास्थान म्हणजे पुंड्रनगर, असे कनिंगहॅमने १८७९ साली ठरविले होते. तेथे १९३१ साली एक लहानसा कोरलेला दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरांत पुंडनगल हे नाव होते.