गॉल्जींचे दुसरे जाळे

आपला रक्तगट ‘ए’ की ‘बी’, हे ठरवणारी साखरेची कणी पेशीतल्या एका चिमुकल्या कारखान्यात चिकटवली जाते. शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव गॉल्जी पिंड. हे नाव एका हट्टी इटालियन डॉक्टरचे आहे.

कामिल्लो गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीतील कोर्तेनो या डोंगराळ खेड्यात झाला. वडील डॉक्टर होते. कामिल्लोही १८६५ मध्ये पाविया विद्यापीठातून डॉक्टर झाले. ओढ संशोधनाची होती, पण १८७२ मध्ये त्यांनी आबियातेग्रासो गावी असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात नोकरी पत्करली. तिथे प्रयोगशाळा कुठली? त्यांनी एका स्वयंपाकघरातच सूक्ष्मदर्शक मांडला. मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवले, तेव्हा मोजक्याच मज्जापेशी सगळ्या फांद्यांनिशी काळ्याभोर उमटल्या. १८७३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली.

पुढे पावियात प्राध्यापक असताना त्यांनी हिवतापाच्या पाळ्या आणि रक्तातल्या परजीवींची वाढ यांचा मेळ दाखवला. १८९८ मध्ये गव्हाणी घुबडाच्या मेंदूपेशींत त्यांना एक नाजूक जाळी दिसली. ही तर रंगाची करामत, असे म्हणणारे पुढे अर्धशतक वाद घालत राहिले.

गॉल्जींना मात्र वेगळ्याच जाळ्याचा ध्यास होता. सारी मज्जासंस्था हे एकच सलग जाळे आहे, असे ते मानत. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच पद्धत सुधारून प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असल्याचे दाखवले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. त्या व्यासपीठावरूनही गॉल्जींनी काहाल यांच्या मताला विरोधच केला. २१ जानेवारी १९२६ रोजी पावियात त्यांचे निधन झाले.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतली ती रचना खरी ठरली. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्याच त्या! एका बाजूने प्रथिने आत येतात, त्यांच्यावर साखरेचे कण जोडले-छाटले जातात आणि टपाल कचेरीतल्या पत्रांसारखी वर्गवारी होऊन ती दुसऱ्या बाजूने रवाना होतात. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात काही पाचक प्रथिनांवर पत्त्याची खूणच उमटत नाही. ती पेशीबाहेर जातात, आत कचरा साठतो आणि बाळाची वाढ खुंटते.

ज्या जाळ्यासाठी गॉल्जी आयुष्यभर भांडले, ते शास्त्राने नाकारले. घुबडाच्या पेशीत दिसलेले दुसरे जाळे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले, आणि त्यांचे नाव आज शाळकरी मुलांच्या ओठी आहे ते त्यामुळेच.