वाघापुढे कॅमेरा धरला, पण त्याच्या आवाजाचं काय? जिम कॉर्बेट यांचा जंगलातला स्टुडिओ

नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून जिम कॉर्बेट (१८७५-१९५५) सगळ्यांना ठाऊक आहेत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हाती १६ एमएमचा सिने-कॅमेरा आला. उजेड, अंतर सगळं हातानेच जुळवायचं. ते जमलं, तरी कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ पसार व्हायचे आणि लेन्सची कुठलीही रिंग फिरवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. अखेर १९३८मध्ये त्यांनी कुमाऊंच्या जंगलातला एक ओहोळ जागोजागी अडवला. पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात घरघर बुडाली! चारेक महिन्यांच्या खटपटीनंतर १० ते ६० फुटांवरून सात वाघ चित्रित झाले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’च्या शेवटच्या प्रकरणात ही हकिकत आहे. शिकारकथा संपल्या म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांची ती हमखास सुटते.