मीर सुलतान खान

मीर सुलतान खान (१९०३ – २५ एप्रिल १९६६) हे ब्रिटिश भारतातील पंजाब प्रांतात जन्मलेले बुद्धिबळपटू होते. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. १९३०, १९३१ आणि १९३३ या तीन बुद्धिबळ ऑलिंपियाडांत ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर खेळले. माजी जगज्जेते होसे राऊल कापाब्लांका यांच्यावर त्यांनी मिळविलेला विजय विशेष प्रसिद्ध आहे. त्यांची युरोपातील संपूर्ण कारकीर्द पाच वर्षांपेक्षा कमी काळात सामावलेली आहे. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढलेल्या आणि पुस्तकी अभ्यासाचे पाठबळ नसलेल्या या खेळाडूने त्या काळातील जगातील अग्रगण्य खेळाडूंमध्ये स्थान मिळविले. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने (फिडे) त्यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब मात्र २०२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर ५८ वर्षांनी दिला.

प्रारंभिक जीवन

सुलतान खान यांचा जन्म पंजाबातील मिठा टिवाणा परिसरात एका मुस्लिम अवान कुटुंबात झाला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. काही ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १९०५ असेही दिलेले आढळते. त्यांचे वडील मियाँ निजामुद्दीन हे स्वतः बुद्धिबळ खेळत. वयाच्या नवव्या वर्षी सुलतान खान वडिलांकडून देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. विशीत प्रवेश करेपर्यंत पंजाबातील सर्वांत बलाढ्य खेळाडूंमध्ये त्यांची गणना होऊ लागली होती.

याच सुमारास पंजाबातील मोठे जमीनदार सर उमर हयात खान टिवाणा यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. सर उमर हे बुद्धिबळाचे शौकीन होते. त्यांनी सुलतान खान यांना आपल्या आश्रयाखाली घेतले आणि पाश्चात्त्य नियमांनुसार खेळण्याचे शिक्षण मिळण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खान यांनी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि एकही डाव न गमावता विजेतेपद मिळविले.

देशी आणि पाश्चात्त्य बुद्धिबळ

सुलतान खान यांच्या यशाचे मोल समजण्यासाठी दोन पद्धतींमधील फरक लक्षात घ्यावा लागतो. भारतात त्या काळी प्रचलित असलेल्या बुद्धिबळाचे नियम प्रांतागणिक काहीसे बदलत असत. तथापि काही गोष्टी बहुतेक ठिकाणी समान होत्या. पाश्चात्त्य खेळात प्याद्याला आपल्या पहिल्या खेळीत दोन घरे पुढे जाता येते; देशी खेळात त्याला एकच घर सरकता येई. पाश्चात्त्य पद्धतीचा किल्लेकोट देशी खेळात नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. शेवटच्या पट्टीत पोहोचलेल्या प्याद्याचे हवे ते मोहरे करता येत नसे. ज्या घरात ते पोहोचले त्या घराच्या मूळ मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे.

या नियमांमुळे देशी डावाची सुरुवात संथ होत असे. दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे. त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांतील अचूकतेपेक्षा मोहऱ्यांची सावकाश मांडणी आणि डावाच्या उत्तरार्धातील कौशल्य यांना अधिक महत्त्व येई. युरोपात याच्या नेमकी उलट परिस्थिती होती. तेथे डावाच्या प्रारंभिक खेळ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला होता, त्यावर ग्रंथ होते आणि नियतकालिकांतून नवे विश्लेषण सतत प्रसिद्ध होत असे. सुलतान खान यांना इंग्रजी फारसे अवगत नसल्याने हे साहित्य त्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला जे आयते ठाऊक असे, ते सुलतान खान यांना प्रत्यक्ष पटावर, घड्याळ चालू असताना शोधावे लागे.

इंग्लंडमध्ये आगमन

१९२९ च्या वसंत ऋतूत सर उमर हयात खान त्यांना लंडनला घेऊन गेले. तेथे त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरविण्यात आली. तीत त्यांची कामगिरी निराशाजनक झाली आणि ते संयुक्तपणे अखेरच्या स्थानी राहिले. त्याच स्पर्धेतील विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या अनुभवी इंग्लिश खेळाडूंनी त्यानंतर त्यांना सरावात साहाय्य केले. काही महिन्यांतच, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे झालेली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा सुलतान खान यांनी जिंकली. या निकालाने इंग्लंडमधील बुद्धिबळ क्षेत्र चकित झाले. स्पर्धेनंतर लवकरच ते भारतात परतले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

मे १९३० मध्ये सुलतान खान पुन्हा युरोपात आले आणि त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा सुरू झाला. १९३० मध्ये बेल्जियममधील लीएज येथील स्पर्धेत सावेली तार्ताकोव्हर यांच्या पाठोपाठ त्यांनी दुसरे स्थान मिळविले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत मॅक्स यूवे आणि कापाब्लांका यांच्यामागे ते तिसरे आले. पुढील वर्षीच्या हेस्टिंग्ज स्पर्धेत आणि १९३२ मधील बर्न येथील स्पर्धेत त्यांना चौथे स्थान मिळाले. १९३२ च्याच लंडन स्पर्धेत तत्कालीन जगज्जेते अलेक्झांडर अलेखिन आणि सालो फ्लोर यांच्यानंतर, अमेरिकेच्या आयझॅक कॅशडन यांच्यासह ते संयुक्त तिसरे ठरले.

समोरासमोरच्या मालिकांतही त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. १९३१ मध्ये तार्ताकोव्हर यांच्याविरुद्धच्या बारा डावांच्या मालिकेत चार विजय, पाच बरोबरी आणि तीन पराभव अशी कामगिरी करून ते विजयी झाले. १९३२ मध्ये फ्लोर यांच्याविरुद्धची सहा डावांची मालिका त्यांनी एका विजयाविरुद्ध दोन पराभव अशा अल्प फरकाने गमावली. उर्वरित तीन डाव बरोबरीत सुटले. १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांच्याकडे आले.

ऑलिंपियाडमधील कामगिरी

सांघिक स्पर्धेत पहिल्या पटावरील खेळाडूला प्रत्येक देशाच्या सर्वोत्तम खेळाडूशी लढावे लागते. सुलतान खान यांनी ही जबाबदारी तीन ऑलिंपियाडांत सांभाळली. हॅम्बुर्ग (१९३०) येथे १७ डावांत त्यांनी ९ विजय व ४ बरोबरी मिळविल्या आणि ४ डाव गमावले. प्राग (१९३१) येथे १७ डावांत ८ विजय, ७ बरोबरी आणि केवळ २ पराभव अशी त्यांची सर्वोत्तम कामगिरी झाली. या स्पर्धेत त्यांनी फ्लोर आणि अकिबा रुबिन्स्टाइन यांना हरविले, तर अलेखिन यांना बरोबरीत रोखले. फोकस्टन (१९३३) येथे १४ डावांत त्यांना ४ विजय, ६ बरोबरी आणि ४ पराभव अशा निकालांवर समाधान मानावे लागले. तिन्ही स्पर्धा मिळून ४८ डावांत त्यांनी २९.५ गुण मिळविले.

कापाब्लांका यांच्याविरुद्धचा डाव

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील हा डाव सुलतान खान यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक अभ्यासला गेलेला डाव आहे. ते पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. पाचव्या खेळीत त्यांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एकच घर पुढे सरकविले. या प्रारंभात अशी सावध खेळी त्या काळी रूढ नव्हती. पुढे तिग्रान पेत्रोस्यान यांच्या खेळामुळे या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली.

डावाच्या मध्यात कापाब्लांका यांनी आपले दोन्ही हत्ती देऊन सुलतान खान यांचा वजीर घेतला. मोकळ्या पटावर वजीर अनेक ठिकाणी मारा करू शकतो, त्यामुळे अशी अदलाबदल राजासाठी धोकादायक ठरू शकते. येथे मात्र मधल्या भागात प्याद्यांची कोंडी झालेली होती आणि वजिराला घुसण्यासाठी पुरेशा वाटा नव्हत्या. सुलतान खान यांनी घाई न करता राजा सुरक्षित केला, वजिराच्या वाटा एकेक करून बंद केल्या आणि मग हत्तींना कामाला लावले. ६५ खेळ्यांनंतर कापाब्लांका यांनी पराभव मान्य केला. डावाच्या उत्तरार्धातील सफाईसाठी जगभर ख्याती असलेल्या खेळाडूला त्याच्याच बलस्थानावर नमविल्यामुळे हा विजय अधिक उल्लेखनीय मानला जातो. सुलतान खान यांची प्रतिभा अलौकिक असल्याचे मत कापाब्लांका यांनी पुढे नोंदविले.

खेळाची शैली

सुलतान खान यांच्या खेळाची दुबळी बाजू म्हणजे डावाचा प्रारंभ. सैद्धांतिक माहितीच्या अभावी त्यांना अनेकदा पहिल्या पंधरा-वीस खेळ्यांतच अडचणीची स्थिती स्वीकारावी लागे. मोहरी लवकर बाहेर काढून केंद्रावर ताबा मिळविण्याऐवजी ते प्यादी एकेक घर सरकवून संथ रचना करीत. देशी खेळाचे संस्कार येथे स्पष्ट दिसतात.

डाव मध्यावर आला की चित्र पालटत असे. कोणत्या मोहऱ्याचे घर चुकले आहे आणि प्रतिस्पर्ध्याचे कोणते प्यादे पुढे दुबळे ठरणार आहे, हे हेरण्यात त्यांचा हातखंडा होता. आकस्मिक हल्ल्यापेक्षा स्थितीवर हळूहळू पकड घट्ट करण्यावर त्यांचा भर असे. बचावात ते चिवट होते आणि बिघडलेले डाव सावरण्याची त्यांची क्षमता असामान्य होती. डावाच्या अखेरच्या भागात, जेव्हा पाठांतर निरुपयोगी होते आणि केवळ गणित व संयम उरतो, तेव्हा ते जगातील कोणाच्याही तोडीचे ठरत. पटावर त्यांचा चेहरा निर्विकार असे.

इंग्लंडची थंड व दमट हवा त्यांना मानवली नाही. तेथील वास्तव्यात सर्दी आणि घशाच्या विकारांनी ते वारंवार त्रस्त असत. हिवतापाचाही त्यांना त्रास होता. अनेक स्पर्धा त्यांनी गळ्याभोवती पट्टी गुंडाळून खेळल्या.

सामाजिक स्थान आणि मतभेद

पाश्चात्त्य बुद्धिबळ साहित्यात सुलतान खान यांचे वर्णन बहुधा सर उमर यांचा नोकर असे केले जाते. अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइन यांच्या आठवणीनुसार, १९३३ मध्ये अमेरिकेच्या संघाला सर उमर यांच्या लंडनमधील घरी भोजनाचे निमंत्रण होते आणि त्या वेळी सुलतान खान यांनी पाहुण्यांना वाढण्याचे काम केले. याच घरातील फातिमा या महिला कर्मचारीने १९३३ ची ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धा दहा विजय आणि एका बरोबरीसह जिंकली होती.

सुलतान खान यांच्या वंशजांना हे चित्र मान्य नाही. त्यांच्या मते हे कुटुंब जमीन बाळगून असलेले व समाजात मान असलेले होते, सुलतान खान निरक्षर नव्हते आणि सर उमर यांच्याशी त्यांचे नाते आश्रयदाता व गुणी खेळाडू असे होते. ब्रिटिश लेखक व ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांचे २०२० मध्ये चरित्र प्रसिद्ध झाल्यानंतर या विषयावरील चर्चा पुन्हा सुरू झाली. सुलतान खान यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिलेले नाही. त्यामुळे त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती इतरांच्या आठवणींतून आलेली आहे आणि ती वाचताना सांगणाऱ्याची दृष्टी लक्षात घेणे आवश्यक ठरते. त्यांच्या डावांच्या नोंदी मात्र अशा मतभेदांपासून मुक्त आहेत.

भारतात पुनरागमन आणि उत्तरायुष्य

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर भारतात परतले आणि त्यांच्यासोबत सुलतान खानही परत आले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्ध दहा डावांची मालिका त्यांनी खेळली. तीत केवळ एक डाव बरोबरीत सुटला आणि उर्वरित नऊ डाव सुलतान खान यांनी जिंकले. यानंतर स्पर्धात्मक बुद्धिबळात त्यांचे नाव दिसत नाही. तिशीच्या आरंभी, म्हणजे बहुतेक खेळाडूंची क्षमता पूर्णत्वाला पोहोचते त्या वयात, त्यांची कारकीर्द संपली.

पुढील आयुष्य त्यांनी शेती करीत कुटुंबासह व्यतीत केले. फाळणीनंतर त्यांचा प्रदेश पाकिस्तानात गेला. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळाचे शिक्षण दिले नाही. मुलांनी आयुष्यात अधिक उपयुक्त असे काही करावे, अशी त्यांची इच्छा असल्याचे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

किताब आणि वारसा

फिडेने १९५० मध्ये ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे सुरू केला आणि पहिल्या यादीत २७ खेळाडूंचा समावेश केला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गंभीर खेळ सोडलेले ओल्ड्रिख डुरास आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी निवृत्त झालेले रुबिन्स्टाइन हे या यादीत होते. म्हणजेच निवृत्त खेळाडूंच्या जुन्या कामगिरीचा विचार झालेला होता. सुलतान खान त्या वेळी हयात असूनही त्यांचे नाव यादीत आले नाही. पुढे सांख्यिकी पद्धतीने केलेल्या पूर्वलक्षी क्रमवारीत ते आपल्या उमेदीच्या काळात जगातील पहिल्या दहा खेळाडूंमध्ये होते, असे दिसून आले.

आशियातील पहिला ग्रँडमास्टर होण्याचा मान १९७४ मध्ये फिलिपिन्सचे यूजेनियो टोरे यांना मिळाला. भारताला पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने १९८८ मध्ये लाभला, तर महाराष्ट्रातील प्रवीण ठिपसे यांनी १९९७ मध्ये हा किताब मिळविला. या सर्वांच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, सुलतान खान त्या दर्जाचा खेळ करीत होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी पाकिस्तान भेटीत सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब प्रदान केला. त्यामुळे ते पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर ठरले. त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक वर्षे अविभाजित भारतातील असल्याने भारतीय बुद्धिबळाच्या इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.