धावत्या घोड्याचे पाय टिपणारा फोटोग्राफर

आपल्या विदर्भातला शंकरपट सगळ्यांनी पाहिलेला. भरधाव बैलांचा कोणता पाय कधी उचलला, हे डोळ्यांना कळतच नाही. घोड्यांच्या शर्यतीतही तेच.

एडवर्ड मायब्रिज १८३० मध्ये इंग्लंडच्या किंग्स्टन गावी जन्मले आणि अमेरिकेत नामवंत फोटोग्राफर झाले. १८७४ मध्ये त्यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केलं. ज्युरीने सोडून दिलं. हा डाग आम्ही झाकत नाही.

शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या लेलँड स्टॅनफर्ड या रेल्वेमालकांना एक प्रश्न पडला होता: दौडताना घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का? जून १८७८ मध्ये मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे धावपट्टीलगत १२ कॅमेरे मांडले आणि आडवे दोरे बांधले. सॅली गार्डनर ही घोडी दौडली, दोरे तुटत गेले, फोटो निघत गेले. चारही पाय हवेत होते! पण चित्रकार काढायचे तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली जमलेले.

पैसा स्टॅनफर्ड यांचा, हुन्नर मायब्रिज यांचा. तरी १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांनी या फोटोंवर पुस्तक काढवलं, तेव्हा शीर्षकपानावर मायब्रिज यांचं नाव नव्हतं. ते कोर्टात गेले, हरले. पण काम सोडलं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राबून १८८७ मध्ये त्यांनी माणसं-जनावरांच्या हालचालींची ७८१ चित्रपानं प्रसिद्ध केली. १९०४ मध्ये किंग्स्टनलाच त्यांचं निधन झालं.

आज ते फोटो मायब्रिज यांच्याच नावाने ओळखले जातात. आम्ही शिक्षक मुलांना एवढंच सांगू: मेहनत ज्याची, नाव त्याचंच लिहा. प्रोजेक्टच्या वहीतसुद्धा.