विश्लेषण : पुण्याच्या खडबडीत रस्त्यांवरून थेट ऑलिम्पिक! अनवाणी धावपटूंमागे उभे राहिलेले दोराबजी टाटा कोण होते?

भारताच्या ऑलिम्पिक प्रवासाची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा हॉकीपासून किंवा खाशाबा जाधवांपासून सुरुवात करतो. खरी सुरुवात मात्र त्याआधीची आहे. ती एका लांब पल्ल्याच्या शर्यतीपासून झाली. पुण्यातल्या खडबडीत रस्त्यांवर शेतकऱ्यांची मुलं पायात काहीही न घालता धावत होती आणि बक्षीस द्यायला आलेला पाहुणा मनातल्या मनात युरोपातल्या वेळांशी त्यांची तुलना करत होता. तो पाहुणा म्हणजे सर दोराबजी टाटा.

विदर्भाशी त्यांचं नातं काय?

दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मुंबई. शिक्षण काही काळ केंब्रिजमध्ये आणि मग मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. इंग्लंडमध्ये त्यांना फुटबॉल, क्रिकेट आणि नौकानयनाची गोडी लागली, ती कायमची. दोन वर्षं पत्रकारिता करून ते वडिलांच्या व्यवसायात आले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकले.

पुढे जमशेटजींच्या पोलाद कारखान्याच्या स्वप्नाने त्यांना पुन्हा याच भागात आणलं. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याचं लोखंड आणि वर्धा खोऱ्यातल्या वरोऱ्याचा कोळसा, असा मूळ हिशेब होता. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत कोळशासाठी रेल्वे १८७०च्या दशकातच आली होती. दोराबजी, अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड आणि आतेभाऊ शापूरजी सकलातवाला बैलगाडीतून चांद्याच्या वाघांच्या जंगलात फिरले. (हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले. टाटांच्या घरातलं हे वळण कुणालाही चकित करेल.) खनिज हाती लागलं, पण कारखाना उभा राहील इतकं नाही.

ही निराशाजनक बातमी सरकारी अधिकाऱ्याला सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले, तर भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्हा गडद रंगाने दाखवलेला! तिथूनच धल्ली-राजहराच्या लोहडोंगरांचा माग लागला. टाटांचा कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. दुर्गच्या त्या डोंगरांचा उपयोग पुढे भिलाईला झाला.

पुण्यात नेमकं काय घडलं?

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा दोराबजी डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मैदानी स्पर्धा भरवायला सुरुवात केली होती. मैदान लहान, गवत न दाबलेलं. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून आणि दोऱ्या न बांधता घ्यायचं चाललेलं. इंग्लंडमधले नियमबद्ध खेळ पाहिलेल्या माणसाला हे सगळं विचित्र वाटलं असणार. पण या मुलांच्या दृष्टीने धावणं म्हणजे मैलोन् मैल धावणंच. शंभर यार्ड म्हणजे त्यांना पोरखेळ!

मुख्य आकर्षण होतं सुमारे २५ मैलांची ‘मॅरेथॉन’. स्पर्धक शेतात राबणारे, साधं अन्न खाणारे, प्रशिक्षण म्हणजे काय हे माहीत नसलेले. दगडी खडीच्या आणि धुळीच्या रस्त्यांवर ते अनवाणी धावले. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तुलनेत कमी पडणाऱ्या नव्हत्या. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता आणि युरोपात हौशी म्हणजे बहुधा खाऊनपिऊन सुखी घरातला माणूस. इथले हौशी मात्र बूटही नसलेले.

समारंभाला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. दोराबजींनी तिथेच विषय काढला : १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचे धावपटू का जाऊ नयेत?

संघ कसा गेला आणि काय झालं?

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडून भारताला प्रवेश मिळाला. निवडीसाठी समिती बसली, तेव्हा शंभर मीटरसाठी किती वेळ लागायला हवा याचीही सदस्यांना कल्पना नव्हती. तिथे मिनिटं नव्हे तर सेकंद आणि त्याचे अंश मोजतात, हे समजावून सांगावं लागलं. अशा अवस्थेत चार धावपटू आणि दोन मल्ल निवडले गेले. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला.

२२ ऑगस्ट १९२०. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतरापेक्षा लांब. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत जिंकला. बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि १९ वे आले. सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे कांस्यपदकाची लढत हरले आणि चौथे राहिले. पदक शून्य. पण पहिल्याच खेपेला, परक्या हवेत १९ वा क्रमांक ही लाजिरवाणी कामगिरी नक्कीच नव्हती. आपल्या शालेय पुस्तकांत चौगुल्यांचं नाव जितकं दिसायला हवं तितकं दिसत नाही, हे मात्र खरं.

कारखाना बुडतोय आणि खेळ?

१९२४ हे वर्ष दोराबजींच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण म्हणावं लागेल. जमशेदपूरच्या पोलाद कंपनीकडे कामगारांच्या पगारालाही पैसे उरले नव्हते. दोराबजींनी स्वतःची सुमारे एक कोटी रुपयांची मालमत्ता इंपिरियल बँकेकडे गहाण ठेवली. पत्नी मेहेरबाई यांचा सुमारे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरासुद्धा त्यात होता. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला आणि टेनिसच्या मिश्र दुहेरीत मेहेरबाईंचं नाव होतं. त्या टेनिस साडी नेसूनच खेळत.

कंपनी वाचली. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, पहिले अध्यक्ष दोराबजी. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी पटियालाचे महाराजा भूपिंदर सिंग आले.

शेवट कसा झाला?

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दांपत्याला मूल नव्हतं. दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये त्याच निधीतून उभं राहिलं. पत्नीच्या समाधीला भेट द्यायला ते युरोपला निघाले, पण वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे ३ जून १९३२ रोजी त्यांचं निधन झालं. इंग्लंडमधल्या ब्रुकवुड दफनभूमीत मेहेरबाईंशेजारीच त्यांना ठेवलं आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी लॉस एंजेलिसमध्ये भारताच्या हॉकी संघाने अमेरिकेला २४-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं.